एका बोटाचं कुंकू

तोडकर सरांना त्या बुधवारी जे मिळणार होतं ते दिसायला फार मोठं नव्हतं. दारावरच्या पाटीवरून एक शब्द पुसला जाणार होता, इतकंच. ‘प्रभारी प्राचार्य’ यातला ‘प्रभारी’. चौदा महिने तो शब्द त्यांच्या नावाला चिकटून होता. बुधवारी तपासणी समिती येणार, तीन वर्षांचे गुण आणि हजेऱ्या बघणार, मान डोलावणार आणि गुरुवारी रंगारी येऊन पाटी नव्याने रंगवणार. रंगाऱ्याला त्यांनी आगाऊ सांगूनही ठेवलं होतं. मला हे रंगाऱ्यानेच सांगितलं. तो आमच्याच गल्लीतला.

मी पोचले तो सोमवार होता, दसऱ्यानंतरचा. आमच्या भागातलं ते तंत्रनिकेतन, नाव घेत नाही. तिथला सर्व्हर तीन वर्षांपूर्वी मीच बसवला होता आणि देखभालीचं कंत्राटही माझंच होतं. बाई असून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरते म्हणून त्या काळी लोक मला दोनदा बघायचे. एकदा मी आत येताना आणि एकदा मशीन सुरू झाल्यावर.

काचेच्या केबिनमध्ये सर्व्हर पिपाणीसारखा ओरडत होता. तोडकर सर दारातच उभे होते.

“बोंद्रे मॅडम, आधी पत्र लिहा. मशीन नंतर बघा.”

“कसलं पत्र?”

“‘हाताळणीतील निष्काळजीपणामुळे डिस्क निकामी.’ लेटरहेड आणलंय ना? त्याला नव्या सर्व्हरचं कोटेशन जोडा. मंजुरी माझ्याच हातात आहे. समितीला पत्र दाखवतो, महिन्याची मुदत मागतो. चूक झाली, माणूस काढला, नवं मशीन मागवलं. विषय संपला.”

“माणूस कोण काढला?”

सरांनी हनुवटीने कपाट दाखवलं. कपाटाला पाठ लावून मगदूम उभा होता. लॅब असिस्टंट. वय बेचाळीस, अंगावर इस्त्रीचा शर्ट, मुठीत कपाटाची किल्ली. अकरा वर्षं तो तिथे हंगामी होता. दर मे महिन्यात त्याची नोकरी एक दिवस तुटायची आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर निघायची. त्या एका दिवशीही तो कामाला यायचाच, फक्त हजेरीवर सही करायचा नाही.

“अजून काढला न्हाई,” मगदूम म्हणाला. “पत्र आलं की काढणार हायेत.”

“बघा, बघा उत्तर कसं देतोय! आणि मॅडम, शुक्रवारपासून हा कीबोर्ड देत नाही. कपाटात घालून कुलूप लावलंय. मी प्राचार्य, आणि मला कीबोर्ड मिळत नाही!”

“प्रभारी,” मगदूम हळूच म्हणाला.

हिशेबाला मी पक्की आहे. आपल्या बाजूला काय पडतंय ते आधी बघून घेते. इथे बरंच पडत होतं. पाच मिनिटांचं पत्र, आणि वर्षातली सर्वांत मोठी विक्री. मगदूम तसाही माझा कोण लागत होता?

“पत्र लिहायचं तर काय मेलंय ते बघायला हवं ना, सर,” मी म्हटलं. “समितीत एखादा हुशार निघाला तर विचारेल. तासभर द्या.”

हुशार माणूस निघण्याची शक्यता सरांनाही पटली. “तासभर,” म्हणाले आणि गेले.

मी ती पिपाणी बंद केली. स्क्रीनवर इंग्रजीत एक प्रश्न होता. डिस्कचा क्रम बदलला आहे, नवा क्रम मान्य आहे का? हो की नाही? एवढं एक बटण दाबायचं बाकी होतं.

“हे शुक्रवारपासून असंच आहे?”

“व्हय. सर म्हणले, ‘हो’ दाब की. इंग्रजी मला लई येत न्हाई, पर मशीन जवा ‘नक्की का’ असं इचारतंय तवा कायतरी घात असतोय. म्हणून कीबोर्डच काढला.”

मी त्याच्याकडे नीट बघितलं. ‘हो’ दाबलं असतं तर तीन वर्षांचे गुण, हजेऱ्या, प्रात्यक्षिकं, सगळ्याचा चिखल झाला असता. चार डिस्कवर मिळून एकच मजकूर लिहिलेला असतो. एक ओळ पहिलीवर, पुढची दुसरीवर, असं. क्रम चुकला आणि मशीनने तोच खरा मानला, की जुन्या लिखाणावर नवं लिखाण गिरवत सुटतं.

“बॅकअप?”

“हाय की.”

“कुठाय?”

“ह्याच्यातच. ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर हाय. सरांनीच करायला सांगितलं.”

मी मशीन बंद केलं आणि पुढची जाळी काढली. आत एकाखाली एक चार डिस्क. चौघींच्याही कपाळावर कुंकू.

“मगदूम, ह्या बाहेर का काढल्या होत्या?”

त्याने एकदा दाराकडे बघितलं. “खंडेनवमी नव्हती का शुक्रवारी!”

“दरवर्षी असते. मागच्या वर्षी तुम्ही हार वरून घातला होता.”

“औंदा अण्णासाहेब आलं हुतं स्वतः.” अण्णासाहेब म्हणजे संस्थेचे चेअरमन. “वर्कशॉपमधी लेथची टूलं, हातोडं, पकडी समदं काढून मांडलं हुतं, तसं हितं न्हवतं. ते म्हणले, ही कसली पूजा? डब्याला कुंकू लावता व्हय? हत्यार म्यानातनं काढून पुजायचं असतंय. ह्याचं हत्यार कुठलं? मग सर म्हणले, मगदूम, काढ डिस्का.”

“मशीन बंद करून काढल्या ना?”

“म्हंजे काय! रीतसर बंद केलं, वल्या फडक्यानं पुसल्या, चौरंगावर मांडल्या. फुलं, अक्षता, नारळ. पेपरात फोटोबी आलाय.” पेपर त्याने घडी करून खिशातच ठेवला होता. फोटोत अण्णासाहेबांचा चेहरा मोठा, सरांचा अर्धा आणि डिस्कच्या जागी झेंडूची रास. फोटो माझ्या कामाचा नव्हता.

“आणि परत कुणी लावल्या?”

“म्या.”

“कुठल्या क्रमाने?”

“...असंच.”

हा माणूस लॅबच्या दारातल्या पोरांच्या चपलासुद्धा जोडीने लावून ठेवतो. तो चार डिस्क ‘असंच’ लावेल?

एकेक डिस्क ओढून मी टेबलावर ठेवली. दुसऱ्या खणातली नीट बसलीच नव्हती. टॉर्च मारला तर आत तांदळाचा एक लाल दाणा अडकला होता. चिमट्याने काढून मी तो मगदूमच्या तळहातावर ठेवला.

“अक्षत,” तो म्हणाला आणि खाली टाकवेना म्हणून खिशात घातली.

डिस्कच्या तोंडावर, हँडलखाली, मी बोट फिरवलं. गुळगुळीत होतं. तिथे काहीही चिकटवलेलं नव्हतं. बोट मागे घेतलं आणि पुढच्या कामाला लागले.

चार डिस्क चोवीस प्रकारे लावता येतात. एकेक करून बघता आलं असतं, पण चौघींतली एक सुरू होताना कट्-कट् वाजते, हे मला मागच्या फेरीपासून माहीत होतं. म्हाताऱ्या माणसाला चोवीस वेळा जिना चढायला लावायचं नसतं. एकदाच चढवायचं, आणि बरोबर मजल्यावर.

“मगदूम, चौरंग कुठे होता?”

“हितं. एक टोक दाराकडं, एक खिडकीकडं.”

“बाहेर कुणी काढल्या?”

“म्याच. वरनं खाली.”

“मांडताना?”

“पयली दाराकडं. मग दुसरी, तिसरी. चौथी खिडकीकडं. परत लावताना घोळ नको म्हणून.”

बोलून गेला आणि मग ओठ मिटले. परत लावताना घोळ नको म्हणून क्रमाने मांडणारा माणूस स्वतःच घोळ घालतो, हे त्याचं त्यालाही ऐकू आलं असावं.

“कुंकू कुणी लावलं?”

“अण्णासाहेबांनी.”

“प्रत्येक डिस्कला बोट बुडवून?”

आता मात्र तो हसला. “त्यांचं तसं न्हाई वो, मॅडम. लई काटकसरी माणूस. एकदा बोट बुडवलं की जेवढं पुरंल तेवढं. वर्कशॉपमधल्या अकरा लेथ एका बोटात केल्या. शेवटच्या लेथला नुसता बोटाचा ठसा!”

मी चारही डिस्क उजेडात ओळीने धरल्या. एकीवर कुंकू गडद, ओघळ येईल इतकं. दुसरीवर जरा कमी. तिसरीवर फिकट. चौथीवर गुलाबीसा डाग, तोही शोधावा लागणारा. चेअरमनांच्या काटकसरीने मला क्रम लिहून दिला होता.

“म्हंजे गडद ती पयली?” मगदूम पुढे वाकला.

“दाराकडून सुरुवात केली असेल तर. खिडकीकडून केली असेल तर गडद ती चौथी.”

“ते काय ध्यानात न्हाई. मी आरतीचं ताट धरलं हुतं.”

मी डायरी काढली. मागच्या मार्चमध्ये एक डिस्क मी बदलली होती, तिसऱ्या खणातली. तिचं हँडल काळं, बाकीच्यांचं करडं. दाराकडून सुरुवात झाली असती, तर काळ्या हँडलवर तिसऱ्या नंबरचं फिकट कुंकू असायला हवं होतं. ते दुसऱ्या नंबरचं होतं.

“खिडकीकडून,” मी म्हटलं. “फोटोवाला कुठे उभा होता?”

“खिडकीपाशी. उजेडासाठी.”

“मग बरोबर. चेअरमन कॅमेऱ्याकडूनच सुरू होणार.”

मगदूमने कपाळावर हात मारून घेतला. मी गडद डिस्क उचलून चौथ्या खणासमोर ठेवली, काळ्या हँडलची तिसऱ्यासमोर, फिकट दुसऱ्यासमोर, गुलाबी डागाची पहिल्यासमोर. आत ढकलली एकही नाही.

“आता सांगा. पूजा झाली. नारळ आणि पेढ्याचा पुडा अण्णासाहेबांच्या गाडीपर्यंत कुणी नेला?”

“म्या.”

“गाडी कुठे होती?”

“गेटबाहेर.”

“मग इथे डिस्क लावत होता तो कोण?”

त्याने मुठीतली किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, “सरांना घाई हुती. फोटोवाल्याला चालू मशीनबी पायजे हुतं. दोन ह्या हातात, दोन त्या हातात...” पुढे म्हणाला, “मॅडम, सर म्हणले, तू अंगावर घे. घेतलंस तर कायमचा प्रस्ताव वर पाठवतो. मी म्हणलं, घेतो. आज सकाळी पत्राचं कळलं. अंगावरबी घ्यायचं आणि जायचंबी.”

“प्रस्ताव आहे कुठे?”

“सरांच्या खणात. वर्ष झालं. शिफारशीचा रकाना तेवढा मोकळा हाय.”

“सर्व्हरचं रजिस्टर द्या. क्रम लिहून ठेवते.”

रजिस्टर द्यायला तो का घुटमळला हे मला कळलं नाही. दिलं तेव्हा मधली दोन पानं टाचणीने एकमेकांना जोडलेली होती. मी टाचणी काढली.

मगदूमचं अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. ‘दि. १७ जानेवारी. डिस्कवरील नंबरच्या चिठ्ठ्या दोन गळाल्या. बोंद्रे मॅडमना फोन केला. पुढच्या फेरीला करतो म्हणाल्या.’ खाली, ‘दि. ९ मे. उरलेल्या दोन गळाल्या. मॅडमना पुन्हा फोन. पुढच्या फेरीला म्हणाल्या.’

मार्चमध्ये मी आले होते, डिस्क बदलून गेले होते. चिठ्ठ्यांचं डोक्यात नव्हतं. नंबर रंगाने लिहायचे असतात. मशीन बसवलं त्या दिवशी मिरजेची बस गाठायची होती म्हणून मी ऑफिसातून डिंकाची बाटली मागून घेतली होती. मघाशी डिस्कवर बोट फिरवलं ते कशासाठी, हे मगदूमने ओळखलं नसेल असं मला उगाच वाटलं होतं. नंबर जागेवर असते, तर घाईतल्या माणसालाही एक-दोन-तीन-चार लावता आलं असतं. प्राचार्यांनासुद्धा.

“हे सरांना दाखवलं असतंत तर तुमच्यावर काहीच आलं नसतं.”

“व्हय.”

“मग टाचणी कशाला?”

“तुमचं कंत्राट गेलं असतं की,” तो म्हणाला. “मग हे मशीन बघायला कोण येणार? शेजारच्या कॉलेजात कोल्हापूरचं पोरगं येतंय ते आधी बटण दाबतंय, मग इचारतंय.”

तास संपला तसे सर आले. टेबलावर डिस्क, खण रिकामे, हे बघून त्यांचा चेहरा खुलला.

“मेल्या ना? लिहिलंत पत्र?”

“पत्र लिहिते, पण दुसरं. डिस्क जिवंत आहेत, सर. ह्या चार आत ढकलल्या की दहा मिनिटांत सगळं दिसेल.”

“मग ढकला की!”

“मगदूमचा प्रस्ताव तुमच्या खणात आहे म्हणे. तो घेऊन या. शिफारस आणि सही.”

“हा काय सौदा चाललाय मॅडम?”

“हो. सौदाच आहे.”

“आणि नाही केली सही?”

“तर तुम्ही तुमच्या हाताने लावा. शुक्रवारी लावल्या होत्याच.”

सरांनी मगदूमकडे बघितलं. मगदूम चपलांच्या ओळीकडे बघत होता.

“सेवा अहवालात कारण लिहावं लागणार,” मी म्हटलं. “कारणाखाली कुणाचं तरी नाव हवंच. अण्णासाहेबांचं लिहिता येत नाही. तुमचं लिहिलं तर पाटी तशीच राहील. मगदूमचं मी लिहिणार नाही. मग राहिलं कोण?”

मी अहवाल लिहिला आणि त्यांच्यापुढे सरकवला. ‘डिस्कवरील क्रमांक पुरवठादाराने कागदी चिठ्ठ्यांवर लिहून डिंकाने चिकटवले होते. ते गळून पडल्याने क्रम चुकला. लॅब असिस्टंट श्री. मगदूम यांनी दोनदा फोनने कळवून रजिस्टरला नोंद केली, तरी पुरवठादाराने दखल घेतली नाही. त्यांनी कीबोर्ड कुलपात ठेवल्यामुळेच माहिती वाचली.’ खाली माझी सही आणि शिक्का.

सरांनी तो तीनदा वाचला. तिन्ही वेळा ते स्वतःचं नाव शोधत होते. सापडलं नाही तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

“यात पूजा नाही.”

“पूजेचं काय? पूजा यथासांग झाली. पेपरात आलीय.”

“तुम्ही स्वतःवर घेताय, मॅडम.”

“माझंच आहे, सर. दुसऱ्याचं मी काही घेत नाही.”

ते गेले आणि फाइल घेऊन आले. शिफारशीच्या रकान्यात त्यांनी चार ओळी लिहिल्या. त्यांतल्या दोन ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’ याच्यावर खर्च केल्या. तेवढं चालणार होतं. सही करून माझ्यासमोरच चेअरमनना फोन लावला. “अण्णासाहेब, आपला मगदूम. होय होय, ताट धरलेला. फार प्रामाणिक मनुष्य. मी बरेच दिवस म्हणतच होतो.”

मी चारही डिस्क आत ढकलल्या. खट्, खट्, खट्, खट्. मगदूमने खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि दोन्ही हातांनी कीबोर्ड आणून ठेवला. बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसा. मी बटण दाबलं. म्हातारी कट्-कट् करत जिना चढली. स्क्रीनवर प्रश्न आला नाही. एक हिरवा दिवा, दुसरा, तिसरा. चौथ्याने जरा वेळ लावला, पण आला.

“उघडून बघा,” मी मगदूमला म्हटलं. त्याने दोन वर्षांपूर्वीची एक हजेरी उघडली आणि पहिलं नाव मोठ्याने वाचलं.

ही झाली सतरा वर्षं. आता बेरीज करायला हरकत नाही.

बुधवारी समिती आली, तीन वर्षांचे गुण तिने उघडून बघितले आणि जेवून गेली. गुरुवारी आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याने ‘प्रभारी’ पुसलं. पेपरातला फोटो अण्णासाहेबांनी फ्रेम करून ऑफिसात लावला, झेंडूसकट. फेब्रुवारीत मगदूमची कायमची ऑर्डर निघाली. त्या मे महिन्यात त्याची नोकरी पहिल्यांदाच तुटली नाही आणि मागच्या वर्षी तो पेन्शनीत गेला. एप्रिलमध्ये देखभालीचं कंत्राट कोल्हापूरच्या त्या पोराला मिळालं. मला आलेल्या पत्रात कारण दिलं होतं. माझ्याच अहवालातलं वाक्य होतं ते, तारखेसह, अवतरणात. खाली सही प्राचार्य तोडकरांची. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून मला भांडताही आलं नाही. अण्णासाहेबांच्या आणखी दोन शाळा माझ्याकडे होत्या. त्याही पाठोपाठ गेल्या. नवा सर्व्हर मी विकला नाही, तो पोराने विकला.

ऑर्डर मिळाली तेव्हा मगदूम पेढे घेऊन घरी आला होता. पुड्यावर एक काडेपेटी ठेवून गेला. आत माझ्या अक्षरातल्या चार चिठ्ठ्या होत्या, एक, दोन, तीन, चार. पाठीमागे वाळलेला पिवळा डिंक. पडल्या तेव्हा त्याने त्या झाडून टाकल्या नव्हत्या.

मिळालं सगळ्यांनाच. भरलं एकीनेच, जिने डिंक लावला तिने.